चौथी बरणी

इस्त्रीच्या लांब टेबलावर काचेचे चार पेले ओळीने मांडले होते. तीन पेल्यांतलं पाणी लख्ख होतं. चौथ्यातलं आधी जरासं पिवळट दिसलं, मग गढूळ झालं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विटेच्या रंगावर गेलं. त्या पेल्याला कुणी हात लावला नव्हता, त्यात कुणी काही टाकलंही नव्हतं. अंगणात साठ-सत्तर माणसं दाटीवाटीने उभी होती. एरवी यांच्यातल्या दोघांना एकत्र उभं केलं तर तिसऱ्याला बोलायला फट मिळायची नाही, पण त्या दुपारी सगळी चिडीचूप.

"पाणी बोललं," तळदर्शी महाराज डोळे मिटूनच म्हणाले.

"अगं बाई गं!" शेजारच्या शिंपीणकाकूंनी छातीवर हात ठेवला.

"पाणी पाहतं. पाणी ऐकतं. पाणी विसरत नाही. ज्या हाताने दोष आणला, त्या हाताची खूण पाणी दाखवतं."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. चौथा पेला आमच्या धाकटीचा होता. माझी धाकटी जाऊ, लग्न होऊन आठ महिने झालेली. ती पेल्याकडे बघत होती, आणि सगळं अंगण तिच्याकडे.

आज हे सगळं सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. सासूबाई गेल्या, शिंपीणकाकू गेल्या, ते टेबलही वाळवीने खाल्लं. पण त्या घराचा वास अजून माझ्या नाकात आहे. उकळत्या खळीचा, ओल्या सुताचा आणि तापलेल्या इस्त्रीचा. आमचं धुलाईघर होतं. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मधल्या खोलीत इस्त्री, मागे हौद, विहीर आणि वाळत घालायच्या तारा. पुरुष गठ्ठे आणायचे आणि पोचवायचे. धुणं, खळ आणि इस्त्री आम्हा बायकांकडे. खानावळींची टेबलकापडं, दवाखान्याच्या चादरी, नोकरदारांचे सदरे. सगळं पांढरं. आमचं पोट पांढऱ्या रंगावर चालायचं.

आणि आठ महिन्यांपासून विहिरीचं पाणी आमच्या पांढऱ्याच्या मुळावर उठलं होतं. काढलं की स्वच्छ, हौदात तासभर राहिलं की तांबूस. चादरी पिवळ्या पडायला लागल्या, सदऱ्यांच्या कॉलरवर गंजाचे ठिपके. डाग काढायला आमच्याकडे लिंबू असायचं. रस पिळायचा, डाग ओला करायचा, उकळत्या किटलीच्या वाफेवर धरायचा, की डाग फिका होत जातो. माझ्या लग्नापासून मी ते काम करत आले होते. सोड्याने बोटांना भेगा पडलेल्या, त्यात लिंबाचा रस गेला की अशी आग व्हायची की डोळ्यांत पाणी यायचं. इस्त्रीवाल्या मावशी म्हणायच्या, "थोरले, तू डाग काढतेस की रडतेस, काही कळत नाही."

धाकटी आली तीच प्रश्न विचारत. "ताई, पाणी काढताना स्वच्छ असतं, मग हौदात तांबडं का होतं?" मी म्हटलं, "होतं बाई. पाण्याला विचार." तिने खरंच विचारलं. गावातल्या नळवाल्याला बोलावून आणलं. त्याने पाणी हुंगलं, हौदाच्या कडेची तांबडी साय नखाने खरवडली आणि सांगितलं, "लोखंड आहे पाण्यात. विरघळलेलं असतं तोवर दिसत नाही. हवा लागली की गंजतं, मग दिसतं. गाळणी बसवावी लागेल. पण आधी पाणी तपासून घ्या, आणि हवा लागल्यावर किती वेळात तांबडं होतं ते बघून ठेवा. त्याशिवाय टाकी केवढी लागेल ते मला सांगता यायचं नाही."

झालं. धाकटीने शहरातल्या प्रयोगशाळेत बाटली पाठवली आणि मागच्या खिडकीत चार बरण्या मांडल्या. सदरे बांधायचा तपकिरी कागद भिंतीला चिकटवला आणि कपड्यांवर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीने त्यावर लिहायला लागली. पहिली बरणी तोंडोतोंड भरलेली, झाकण घट्ट: दुसऱ्या दिवशीही स्वच्छ. दुसरी अर्धी भरून खळखळून हलवलेली: पाव तासात तांबडी. तिसरी अर्धी, न हलवता: तासाभराने. चौथी दुसरीसारखीच, अर्धी भरून हलवलेली. पण ती तांबडी व्हायचं नावच घेईना. दुपार झाली, दुसरा दिवस उजाडला, तरी स्वच्छ. कागदावर धाकटीने लिहिलं, "चौथी: का?" आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

दोन दिवस ती त्या बरणीपुढे डोकं धरून बसली. तिसऱ्या दिवशी मी डागांसाठी लिंबं पिळत होते, तेव्हा ती एकदम म्हणाली, "ताई, तुम्ही रस कशात ठेवता?"

"त्या बरणीत ठेवत होते. तूच उचलून नेलीस ना. आता वाटीत ठेवते, आणि सारखी कलंडते."

"धुतली होती?"

"तू न्यायच्या आधी? रस होता तळाशी थोडा. मला वाटलं तू धुवून घेशील."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "मीही म्हटलं, धुतलेलीच असेल! म्हणजे आंबट असलं की पाणी लोखंड दाखवत नाही. लपवून धरतं." आणि कागदावर "का?"च्या पुढे तिने लिहिलं, "ताईंचं लिंबू."

प्रयोगशाळेचा कागद आला. लोखंड चालतं त्याच्या कितीतरी पट. मग तपकिरी कागदावर गाळणीचा नकाशा उमटला. वर टाकी. टाकीत पाणी झारीसारख्या भोकाभोकांच्या नळीतून उंचावरून पडणार, म्हणजे भरपूर हवा लागणार आणि लोखंड तिथेच गंजणार. मग ते पाणी निवळायला एक पिंप. मग दुसरं पिंप: तळाला गोटे, त्यावर बारीक खडी, वर जाडी वाळू आणि सगळ्यात वर बारीक वाळू. गंज वाळूत अडकणार, खाली पाणी पांढरं. आठवड्यातून एकदा उलटं पाणी सोडून वाळू धुवायची, त्याची नळी थेट गटाराकडे. सगळं नेमकं, फूट-इंचांत. फक्त दोन पिंपं उभी करायला जागा हवी होती, आणि ओतीव फरशी, उतार, गटाराची मोरी हे सगळं जुळून येणारा कोपरा घरात एकच होता. तिथे सासूबाईंचं खळीचं पातेलं होतं.

"माझं पातेलं हलणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, दोन हात पलीकडे."

"तीस वर्षं तिथे आहे. पातेलं माझ्या आधी हलायचं नाही."

इथपर्यंत हे साधं घरातलं भांडण होतं. प्रत्येक घरात एक कोपरा असतो आणि त्या कोपऱ्याची एक मालकीण. पण नेमके त्याच आठवड्यात तळदर्शी महाराज आमच्या रस्त्याला उतरले.

विहिरीच्या कठड्यावर बसून हे गृहस्थ तळ बघायचे म्हणून तळदर्शी. पांढरा अंगरखा, पांढरी शाल, पांढरी दाढी. आवाज असा, की घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. पहिल्या दिवशी शिंपीणकाकूंची आटलेली विहीर पाहिली आणि सांगितलं, "या घरात कुणाची तरी कंबर दुखते." शिंपीणकाकू पंचवीस वर्षं शिलाई मशीनवर वाकलेल्या. त्या भारावूनच गेल्या. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याला सांगितलं, "तुमची झोप पुरी होत नाही." बेकरीवाला पहाटे तीनला भट्टी पेटवणारा माणूस. तोही लोटांगण घालायच्या बेतात. निवृत्त पोस्टमास्तर तेवढे म्हणाले, "मला सांगा म्हणावं मी निवृत्त आहे." पण त्यांचं असल्या वेळी कोण ऐकतं?

महाराजांची शाल धुवायला आमच्याकडे आली. सासूबाईंनी ती स्वतः धुतली, आमच्याच पाण्यात. वाळल्यावर टोकाला चांगला तळहाताएवढा पिवळा डाग. सासूबाई शाल घेऊन गेल्या. महाराजांनी डाग पाहिला, डोळे मिटले आणि विचारलं, "माई, हे पाणी कधीपासून असं?"

"आठ महिने झाले, महाराज."

"आठ महिन्यांपूर्वी घरात कोण आलं?"

यापुढे त्यांना काही दिसायची गरज नव्हती, उरलेलं सगळं सासूबाईंनीच सांगितलं. नवी सून. शिकलेली. भिंतीवर काहीबाही लिहिते. खिडकीत बरण्या मांडून पाण्याचे प्रयोग करते. खळीचं पातेलं हलवा म्हणते. महाराज 'हं' म्हणत गेले, आणि प्रत्येक 'हं' सासूबाईंना साक्षात्कारासारखा वाटत गेला.

मग जलपरीक्षा ठरली. घरात ज्या हातांना पाणी लागतं त्या सगळ्या हातांची. सासूबाई, मी, इस्त्रीवाल्या मावशी आणि धाकटी. पुरुषांचे हात पाण्याला लागत नाहीत हे महाराजांनी पाहताक्षणी ओळखलं. तेवढं एक त्यांनी बरोबर ओळखलं.

ठरल्या दिवशी इस्त्रीचं टेबल अंगणात काढलं आणि दुपारी अंगण भरलं. पेले महाराजांचे. त्यांच्या पिशवीतून एक भांडं निघालं, त्यात 'शुद्धोदक'. दिसायला साधं पाणी. महाराजांनी एकेक पेला त्यात बुचकळला, तळाशी घोटभर 'बीज' म्हणून राहू दिलं आणि सासूबाईंच्या, माझ्या आणि मावशींच्या हातात एकेक दिला. चौथा पेला पिशवीतून काढला, कोरड्या फडक्याने पुसला आणि तसाच धाकटीला दिला.

"हिचा नाही बुचकळला?" पोस्टमास्तरांनी मागून विचारलं.

"नव्या हाताचं पाणी जसं आहे तसं पाहायचं असतं," महाराज म्हणाले. "क्षालन मुरलेल्या हातांना."

काय मुरलेलं होतं कुणास ठाऊक, पण माना डोलल्या. बोलणाऱ्याने आवाज पुरेसा खोल काढला की लोक अर्थ स्वतःच्या घरून आणतात.

विहिरीतून ताजी बादली काढली. प्रत्येकीने आपला पेला उंचावरून भरायचा आणि टेबलावर ठेवायचा. "कुणी पिऊ नका. हे परीक्षेचं पाणी आहे." मग महाराज पुटपुटत राहिले, लोक ताटकळत राहिले आणि वीस मिनिटांत जे व्हायचं ते झालं. तीन पांढरे, एक तांबडा.

"निवाडा झाला," महाराज म्हणाले. "सव्वा महिना या मुलीला माहेरी ठेवा. तेवढे दिवस मी या विहिरीशेजारच्या खोलीत बसतो. पाणी क्षमा करेल तेव्हा तिला बोलावू."

"आणि नाही केली तर?" माझ्या धाकट्या दिराने विचारलं. धाकटीचा नवरा. बोलला एवढंच, आणि तेही महाराजांच्या पायांकडे बघत.

"तर बोलावू नका."

सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. "भाऊ," त्या दिराला म्हणाल्या, "हिची पेटी भर."

आणि दीर वळला, पेटी भरायला! या माणसाने आठ महिन्यांत स्वतःचा एक रुमाल घडी केला नव्हता, पण बायकोची पेटी भरायला बरोबर पाऊल उचललं. धाकटीने फक्त माझ्याकडे पाहिलं.

आता खरं सांगते, कारण लपवायचं आता कुणापासून? माझा पेला पांढरा राहिला तेव्हा मला बरं वाटलं होतं. हायसं वाटलं होतं. तीन पेल्यांतला एक माझा, म्हणजे मी सुटले. धाकटीचा नकाशा मी रोज बघत होते, बरण्या माझ्या डोळ्यांपुढे होत्या, तरी त्या क्षणी माझ्या डोक्यात तेवढंच होतं: मी नाही. माणसाची अक्कल भीतीने झोपते, त्याहून जास्त आपल्याला सूट मिळाली की झोपते, हे मी त्या दिवशी शिकले.

मला जागं केलं ते माझ्या बोटांनी. पेला हातात घेतल्यापासून बोटांच्या भेगा चुरचुरत होत्या. मी लक्ष दिलं नव्हतं. धुणाऱ्या बाईच्या बोटांना काही ना काही चुरचुरतच असतं. पण आता, धाकटी माझ्याकडे बघत असताना, ती आग मला ओळखीची वाटली. ही सोड्याची आग नव्हती. सोडा कोरडा ओढतो, ही टोचत होती. ही आग माझ्या बोटांना लग्नापासून माहीत होती.

मी बोट जिभेला लावलं. आंबट.

"धाकटे," मी म्हणाले. "चौथी बरणी."

धाकटीचे डोळे मोठे झाले. ती तडक टेबलाशी गेली आणि माझा पेला तोंडाला लावला.

"पिऊ नकोस!" महाराज घागरीतला आवाज विसरून साध्या माणसासारखे ओरडले.

"का? आंबट आहे म्हणून?" धाकटी म्हणाली. तिने पेला मावशींपुढे धरला. "मावशी, चाखा बरं."

मावशी इस्त्रीशिवाय कुणाला घाबरत नसत. घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "लिंबाचं सत्त्व. मी नाही का डागांना वापरत, लिंबं महाग झाली की?"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "शुद्धोदक आंबट असेल. त्यात काय झालं?"

"आई, त्यातच सगळं आहे." धाकटी घाईत नव्हती. हिशेब समजावणाऱ्या बाईसारखी एकेक वाक्य ठेवत होती. "मला सांगा, आपल्या हौदातलं पाणी तासाभराने कसं होतं?"

"तांबडं."

"आणि तुमच्या घागरीतलं?"

"तेही तांबडं."

"काकू, तुमच्याकडे आमच्या विहिरीची घागर जाते. ती?"

"तांबडी," शिंपीणकाकू पुटपुटल्या.

"म्हणजे हे पाणी रोज, सगळ्यांच्या भांड्यात, सगळ्यांच्या हातून तांबडंच होतं. माझ्या पेल्यात तेच झालं जे रोज होतं. मग नवल कशाचं करायचं? तांबड्या पेल्याचं, की आठ महिन्यांत पहिल्यांदा पांढरे राहिलेल्या तीन पेल्यांचं?"

आम्ही गंजाचे डाग लिंबाने काढून पोट भरणारी माणसं. रोज हेच हात, हेच लिंबू, हाच गंज. आणि तेच लिंबू महाराजांच्या भांड्यात गेलं की आम्ही हात जोडून उभे! शेजारच्यांचं सोडा, त्यांचा धंदा वेगळा. आमची लाज मला अजून वाटते.

"श्रद्धा ढळली की जिभेला सगळं आंबट लागतं," महाराज सावरून म्हणाले.

"बरोबर," पोस्टमास्तर पुढे आले. "जिभेचं काय खरं धरायचं? परीक्षा पुन्हा घेऊ. पेले सोड्याने धुवून घेऊ, सगळ्यांचे सारखे. आणि महाराज, एक पेला तुम्हीही धरा. तुमचा हात तर सगळ्यांत निर्मळ."

"मला परीक्षेची गरज नाही."

"तुम्हाला नसेल. आम्हाला आहे," बेकरीवाला म्हणाला. त्याची झोप बहुतेक त्या क्षणी पुरी झाली.

मावशींनी पेले धुतले. ताजी बादली काढली. सासूबाई, मी, मावशी आणि महाराज, चौघांनी उंचावरून पेले भरले. पाचवा पेला धाकटीने घरातून आणला, महाराजांच्याच भांड्यात बुचकळला, तळाशी घोटभर 'बीज' ठेवलं आणि भरला.

"आता वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली. "तोवर आपल्या धंद्याचं काम करू. आई, महाराजांची शाल."

शाल सासूबाईंच्या खांद्यावर होती, डाग काढायला म्हणून परत आणलेली. धाकटीने डागाच्या मधोमध शुद्धोदकाचे चार थेंब टाकले आणि मावशींनी न सांगताच शेगडीवरची किटली पुढे सरकवली. डाग वाफेवर धरला. आमच्या घरात हे काम रोज होत होतं, पण त्या दिवशी साठ-सत्तर माणसं माना उंचावून बघत होती. पिवळा डाग मधून फिका होत गेला. थोड्या वेळाने तळहाताएवढ्या पिवळ्या डागात रुपयाएवढं पांढरं वर्तुळ उमटलं.

ते वर्तुळ सासूबाईंनी पाहिलं. त्यांना कुणी काही समजावायची गरज उरली नाही. चाळीस वर्षं डाग काढलेली बाई ती. शाल हातात घेतली, वर्तुळावरून अंगठा फिरवला, हुंगलं.

"लिंबूच," त्या म्हणाल्या. अगदी हळू.

तोवर टेबलावर चार पेले तांबडे होत आले होते. सासूबाईंचा, माझा, मावशींचा आणि सगळ्यांत गडद, योगायोगाने का होईना, महाराजांचा. पाचवा, धाकटीचा, लख्ख पांढरा.

"बघा!" पोस्टमास्तर घागरीत तोंड घातल्यासारखा आवाज काढून म्हणाले. "पाणी बोललं! महाराज, सव्वा महिना माहेरी!"

जो हशा उठला तो थांबेना. शिंपीणकाकू कंबर धरून हसत होत्या. महाराजांनी पिशवी उचलली, शुद्धोदकाचं भांडं उचललं आणि पेले तिथेच टाकून फाटकाकडे निघाले. जाता जाता "पाणी विसरत नाही" असं काहीतरी म्हणाले. त्यांच्यामागून मावशी ओरडल्या, "शाल राहिली! अर्धी धुतलीय!"

गर्दी पांगल्यावर सासूबाई विहिरीच्या कठड्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, "पण ती आली तेव्हापासूनच पाणी बिघडलं, हे तर खोटं नाही ना?"

"नाही, आई," धाकटी म्हणाली. "ते खरं आहे. लग्नाला पाहुणे येणार, पाणी पुरायचं नाही म्हणून तुम्ही विहीर आणखी वीस फूट खोल केलीत. खालच्या थरात लोखंड आहे. मी आले म्हणून पाणी तांबडं नाही झालं. मी येणार म्हणून तुम्ही विहीर खणलीत."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग विहिरीत. वीस फूट खणताना त्या स्वतः कठड्यावर उभं राहून गड्यांना 'आणखी, आणखी' म्हणत होत्या, ते मला आठवत होतं. त्यांनाही आठवलं असावं. माफी वगैरे मागणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. उठल्या, मागच्या खोलीत गेल्या, आणि लगेच फरशीवर काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. आम्ही धावत गेलो. सासूबाई दोन्ही हातांनी खळीचं पातेलं ओढत होत्या.

"उभ्या काय राहिलात?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "टेप आण, सूनबाई. मोज. आणि त्याला सांग, पेटी रिकामी कर म्हणावं."

गाळणी बसायला तीन आठवडे लागले. नळवाल्याने नकाशा पाहून एकच बदल सुचवला, झारीची नळी आणखी वर घ्यायचा. वाळू सासूबाईंनी स्वतः चाळली. गड्याची चाळलेली त्यांना पसंत पडेना. पहिल्या दिवशी पाणी जरा गढूळ आलं, दुसऱ्या दिवशी निवळलं, आणि तिसऱ्या दिवशी धुतलेल्या चादरी तारेवर अशा दिसत होत्या की मी किती तरी वेळ हात पुसत तिथेच उभी राहिले. पहिलं उलटं पाणी सोडलं तेव्हा गटारात विटेच्या रंगाचा लोंढा गेला. "हे सगळं आपण धुत होतो," मावशी म्हणाल्या, "आणि हे सगळं आपण तिच्या नावावर लावलं होतं."

तळदर्शी पुढे दुसऱ्या गावी कुणाच्या तरी विहिरीवर बसल्याचं ऐकलं. असे अनेक आहेत. त्यांच्या भांड्यात दर वेळी लिंबूच असेल असं नाही. कधी दुसरं काही असेल, कधी नुसताच आवाज असेल. म्हणून माझ्यासारख्या म्हातारीचं एवढंच सांगणं आहे. कुणी चार पेले मांडून एकीकडे बोट दाखवलं, तर त्या बोटामागे जाऊ नका. पेले कुणी धुतले ते विचारा. तुमचा पेला पांढरा राहिला म्हणून हायसं वाटलं, तर आधी त्याचीच चव घ्या. पुन्हा एकदा, सगळ्यांचे पेले सारखे धुवून, सगळ्यांसमोर करून बघा. याला ना शिक्षण लागतं, ना धाडस. वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं आम्ही दिली नसती, तर एका मुलीची पेटी त्या दिवशी घराबाहेर गेली असती, आणि मी पांढरा पेला हातात धरून ती जाताना बघत राहिले असते.

तो तपकिरी कागद धाकटीने काढू दिला नाही. आता पुष्कळ फिका झालाय, कडा तुटल्यात. पण वाचता येतं अजून, निळ्या पेन्सिलीने, दोन रेघांच्या वर: "चौथी: का? ताईंचं लिंबू."